टिंट केलेली कॅनोपी: आधी प्लास्टिक, मग रंग

मॉडेल विमानाची पारदर्शक कॅनोपी टिंट कशी करावी, असे चार अनुभवी मॉडेलरना विचारले तर चार उत्तरे मिळतात. एक सांगतो, गरम पाण्यात कापडाचा रंग कालवून त्यात बुडवा. दुसरा सांगतो, चुकूनही तसे करू नका, वाकडी होईल. तिसरा स्प्रे कॅनने आतून फवारतो आणि खूश असतो. चौथ्याची कॅनोपी तसल्याच कॅनमधल्या रंगाने दुधाळ होऊन वाया गेलेली असते. चौघेही खरे बोलत असतात. प्रत्येकाच्या हातातले प्लास्टिक वेगळे असते आणि ते सांगायचे राहून जाते. या विषयातला निम्मा गोंधळ प्लास्टिक न ओळखण्यातून आला आहे. उरलेला निम्मा येतो तो टिंट किती गडद हवा, याचा अंदाज चुकल्यामुळे.

मुळात टिंट हवा का, हे खऱ्या विमानाकडे पाहून ठरते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर किंवा मस्टँगची कॅनोपी अ‍ॅक्रिलिकची होती (ब्रिटनमध्ये पर्स्पेक्स, जर्मनी-अमेरिकेत प्लेक्सिग्लास) आणि ती स्वच्छ पारदर्शक होती. पायलटच्या थेट समोरची बुलेटप्रूफ काच मात्र जाड, थरांवर थर चिकटवलेली. काचेतल्या लोहामुळे ती किंचित हिरवट दिसे. स्पिटफायरच्या मॉडेलमध्ये फक्त त्या समोरच्या काचेला क्लिअर ग्रीनचा पुसटसा हात दिला, तर जाणकार तिथे थांबून पाहतो. ‘ह्युई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेल यूएच-१ हेलिकॉप्टरमध्ये पायलटांच्या डोक्यावरच्या खिडक्या हिरव्या असतात. किटमध्ये सगळ्या काचा एकाच बिनरंगी स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर येतात, त्यामुळे त्या रंगवायच्या राहून गेलेली मॉडेले कितीतरी दिसतात. एक्स्ट्रा ३०० सारख्या कसरतीच्या विमानांवर धुरकट कॅनोपी नेहमीची, काही ग्लायडरवर निळसर.

आधुनिक लढाऊ विमानांकडे आले की प्रकरण अवघड होते. एफ-१६ वर धुरकट कॅनोपीही दिसते आणि सोनेरी झाकेचीही. एफ-२२ ची सोनेरी. अमेरिकन नौदलाच्या ईए-६बी प्राउलरच्या काचांत सोन्याचा अतिशय पातळ थर होता. त्या विमानाचे काम शत्रूची रडार जॅम करण्याचे, तेव्हा आतल्या चौघांना स्वतःच्याच जॅमरच्या लहरींपासून वाचवणे भाग होते. एफ-११७ च्या खिडक्यांवरही सोने होते, पण कारण वेगळे. रडारच्या लहरी काचेतून कॉकपिटमध्ये शिरल्या, तर आतल्या खुर्ची-पॅनेलांच्या कोनाकोपऱ्यांवर आपटून त्या परत रडारकडे जातात. काचेवर वीज वाहून नेणारा पातळ थर असला की लहरी बाहेरच्या बाहेर दुसरीकडे वळतात. सोन्याऐवजी इंडियम टिन ऑक्साइडचा थरही यासाठी वापरतात. १० सप्टेंबर २०२० ला अंबाल्याच्या हवाई तळावर राफेल रीतसर भारतीय हवाई दलात दाखल झाले आणि आपल्याकडच्या मॉडेलरांच्या टेबलांवरही ते आले. त्याच्याही कॅनोपीवर काही कोनांतून सोनेरी झाक दिसते. त्यामुळे हा सोनेरी रंग आणायचा कसा, हा प्रश्न आता पुण्या-मुंबईतही विचारला जातो. त्याकडे पुढे येऊ.

फोटो पाहून छटा ठरवताना एक काळजी घ्यावी. बंद कॅनोपीच्या फोटोत आपल्याला बरेचदा आकाशाचे प्रतिबिंबच दिसत असते. निळ्या आकाशाखाली उभे असलेले विमान निळसर कॅनोपीचे वाटते, ढगाळ दिवशी तेच करडे. कॅनोपी उघडी असलेला फोटो शोधावा आणि तिच्यातून पलीकडचे हँगर किंवा क्षितिज कोणत्या रंगाचे दिसते ते पाहावे. काचेबाहेरचा आणि काचेतून दिसणारा तोच पांढरा रंग शेजारी शेजारी असला, की छटाही कळते आणि तिचा गडदपणाही.

आता गडदपणाचे. नवखा मॉडेलर रंग दिलेली कॅनोपी चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात पाहतो. छटा छान वाटते. मग ती कॉकपिटवर चिकटवतो आणि आतले सगळे काळे पडते: तासन् तास रंगवलेली पॅनेले, सीटबेल्ट, काही दिसत नाही. याचे कारण साधे आहे. खिडकीसमोर धरली तेव्हा प्रकाश कॅनोपीतून एकदाच गेला. चिकटवल्यावर तो बाहेरून आत जातो, सीटवर पडतो आणि पुन्हा त्याच टिंटमधून बाहेर येतो. ७० टक्के प्रकाश सोडणारा टिंट दोन फेऱ्यांत ४९ टक्केच सोडतो. ५० टक्क्यांचा टिंट २५ टक्के. त्यात पृष्ठभागावरून होणारे परावर्तन वेगळे. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक सुमारे १.५९ आहे. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पृष्ठभागावर पाचेक टक्के प्रकाश मागे फिरतो, एका कॅनोपीला आतबाहेर मिळून दहा टक्के आणि जाऊन येऊन जवळपास वीस. म्हणजे अजिबात रंग न दिलेली कॅनोपीसुद्धा कॉकपिटचा पाचवा हिस्सा उजेड खाते.

खऱ्या विमानातही प्रकाश दोनदाच जातो, मग तिथे आतले कसे दिसते, असे कुणी विचारील. उत्तर उजेडात आहे. धावपट्टीवरच्या विमानावर दुपारी लाखभर लक्स प्रकाश पडलेला असतो. आपले मॉडेल ज्या शोकेसमध्ये ठेवतो तिथे दोनतीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. करड्या कॉकपिटचा पाव हिस्सा उजेड उन्हात डोळ्याला पुरतो, दिवाणखान्यात पुरत नाही. तेव्हा मॉडेलवरचा टिंट खऱ्यापेक्षा फिका ठेवणे हेच योग्य, आणि मी याबाबत ठाम आहे. मोजायचे असेल तर फोनवरच्या लक्समीटर अ‍ॅपने मोजता येते. आधी मोकळ्या सेन्सरचा आकडा घ्यायचा, मग त्यावर टिंट केलेला तुकडा धरून दुसरा घ्यायचा आणि भागाकार करायचा. शेल्फवर ठेवायच्या लढाऊ विमानासाठी एका फेरीला ७५ ते ८० टक्के प्रकाश सुटला, की मी हात थांबवावा म्हणतो. ही छटा किती हलकी असते याची कल्पना हवी असेल तर गाडीची काच पाहावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश जायला हवा, आणि तसली काच आपल्याला जवळजवळ साधीच वाटते. नमुना पांढऱ्या कागदावर ठेवूनही पाहू नये. पांढरा कागद बहुतेक प्रकाश परत देतो, कॉकपिट देत नाही. ज्या करड्या रंगाने कॉकपिट रंगवले, त्याच रंगाच्या कार्डावर ठेवून पाहावे.

प्लास्टिक कोणते, हे बहुतेक वेळा कॅनोपी कुठून आली यावरूनच कळते. किटच्या स्प्रूवरची कॅनोपी म्हणजे पॉलिस्टायरीन: कडक, ठिसूळ, टेबलावर पडली तर टणत्कार होतो, वाकवली तर तडकते. पातळ, व्हॅक्यूमने ओढलेली, भोवती कापायची पट्टी असलेली कॅनोपी जुनी असेल तर अ‍ॅसिटेट किंवा ब्युटिरेट, अलीकडची असेल तर बहुधा पीईटीजी. रेडिओ कंट्रोल विमानांच्या मोठ्या कॅनोपी पीईटीजीच्या, काही पॉलिकार्बोनेटच्या. पॉलिस्टायरीनला एन.सी. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांचे वावडे आहे. अल्कोहोल ते बऱ्यापैकी सोसते. अ‍ॅक्रिलिकला ताणाखाली अल्कोहोलही चालत नाही, केसासारख्या बारीक चिरा पडतात. पॉलिकार्बोनेट आपटले तर फुटत नाही, पण अमोनियाच्या क्लीनरने खराब होते.

यावरून स्प्रे कॅनचे कोडे सुटते. तामिया कंपनीच्या दोन कॅनवर ‘स्मोक’ असेच लिहिलेले असते. पीएस-३१ हा पॉलिकार्बोनेटसाठी, आतून मारायचा. टीएस-७१ हा पॉलिस्टायरीनसाठी. पहिला पॉलिस्टायरीनवर मारला तर त्यातले द्रावक प्लास्टिकलाच खाते आणि कॅनोपी पुन्हा कधी पारदर्शक होत नाही. दुसराही लॅकरच आहे. किटच्या कॅनोपीवर ओलसर थर दिला तर तो त्रास देतो. जुलैत कोकणात किंवा मुंबईत लॅकर मारायचे असेल तर आणखी एक अडचण येते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि पांढरट पडदा येतो. पावसाळ्यात हे काम एसीच्या खोलीत तरी करावे किंवा दिवाळीपर्यंत थांबावे.

किटच्या कॅनोपीसाठी आजही एअरब्रश आणि पाण्या-अल्कोहोलवर चालणारा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रंग हीच सर्वांत भरवशाची जोडी आहे. तामियाचा एक्स-१९ स्मोक, एक्स-२३ निळा, एक्स-२४ पिवळा, एक्स-२५ हिरवा या बाटल्या त्यासाठीच आहेत. रंग निम्म्याहून जास्त पातळ करायचा, दाब कमी ठेवायचा आणि धुक्यासारखे थर एकावर एक देत जायचे. प्रत्येक थरानंतर थांबून करड्या कार्डावर पाहायचे. ब्रशने हे जमत नाही. पारदर्शक रंगात छटेचा गडदपणा थराच्या जाडीवर अवलंबून असतो, आणि ब्रश कुठे जाड कुठे पातळ थर सोडतोच. साध्या रंगात ते दिसत नाही, पारदर्शक रंगात प्रत्येक फटकारा दिसतो. रंग आतून द्यावा की बाहेरून, यावर वाद आहे. मी आतून देणाऱ्यांच्या बाजूचा. बाहेरची चकाकी अबाधित राहते, मास्किंग टेप काढताना टिंट उचलला जात नाही आणि हाताळताना ओरखडे रंगावर पडत नाहीत. कॅनोपी अगदी लहान आणि खोल असली, की आत फवारा गोल फिरून ठिपके उडतात. तेव्हाच बाहेरून द्यावा.

बुडवण्याची पद्धत एअरब्रश नसलेल्यांच्या सोयीची. अमेरिकेत ‘फ्युचर’ आणि ब्रिटनमध्ये ‘क्लिअर’ या नावाने मिळणारे फरशीचे अ‍ॅक्रिलिक पॉलिश मॉडेलरांनी अनेक वर्षे डोक्यावर घेतले. कॅनोपी त्यात बुडवली की बारीक ओरखडे भरून येतात आणि प्लास्टिक काचेसारखे होते. शिवाय नंतर फेव्हिक्विकसारख्या गोंदाची वाफ लागून धुरकटपणा येत नाही. त्या पॉलिशमध्ये पारदर्शक रंगाचे थेंब टाकले की एकाच बुडीत टिंट आणि चकाकी. आता ते पॉलिश बाजारातून गेले आहे. मॉडेलच्या रंगांच्या कंपन्यांची तशीच द्रावणे मिळतात. बिनरंगी बुडवण्यासाठी ही पद्धत मला आजही एक नंबर वाटते. टिंटसाठी नाही. द्रव ओघळून खालच्या कडेला जमतो, टिश्यूने टिपून घेतला तरी तिथे थर जाड राहतो आणि कडेला गडद रेघ उमटते. पॉलिशमध्ये खाण्याचा रंग मिसळण्याचा सल्लाही दिला जातो. तो उन्हात लवकर उडतो. बुडवायचेच असेल तर आधी बिनरंगी बुडवावे, दोन दिवस झाकून वाळवावे आणि टिंट एअरब्रशने द्यावा.

रंग प्लास्टिकच्या अंगात मुरवणे ही सगळ्यांत सुंदर पद्धत आहे आणि तिच्यामागचे रसायन जुने आहे. अ‍ॅसिटेट रेयॉन बाजारात आले तेव्हा कापसा-लोकरीचे रंग त्याला धरेनात. म्हणून १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये डिस्पर्स रंग तयार झाले: पाण्यात न विरघळणारे, फक्त बारीक कणांच्या रूपात तरंगणारे. उष्णतेने धागा सैल झाला की हे रेणू पाणी सोडून धाग्यात शिरतात आणि तिथेच राहतात. सुरतेत पॉलिएस्टरच्या साड्या याच जातीच्या रंगांनी रंगतात. पीईटीजी हे पॉलिएस्टरच्याच घराण्यातले, त्यामुळे या रंगांना ते वाट देते. अ‍ॅसिटेट तर त्यांचे माहेरच. सुती कपड्यांसाठी मिळणाऱ्या रंगाच्या पुड्या इथे उपयोगाच्या नाहीत. अमेरिकन मॉडेलर रिट कंपनीचा रंग वापरतात तेव्हाही साधा रिट नव्हे, सिंथेटिक कापडासाठीचा ‘डायमोअर’ हवा, हे त्यांना अनुभवाने शिकावे लागले.

यात सगळी कसरत तापमानाची आहे. पीईटीजी ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. पाणी फार थंड असेल तर रंग आत जात नाही, फार गरम असेल तर कॅनोपीचा आकार जातो. ६० ते ७० अंशांच्या पट्ट्यात राहायचे, थर्मामीटर भांड्यातच ठेवायचा, गॅस बंद करून मगच कॅनोपी सोडायची. थेंबभर भांडी घासायचे लिक्विड घातले की रंगाचे कण गुठळ्या करत नाहीत. भांडे एवढे मोठे हवे, की कॅनोपी तळाला टेकणार नाही. तळ नेहमी पाण्यापेक्षा गरम असतो. तेलकट बोटाचा ठसा राहिला तर तिथे रंग कमी धरतो, म्हणून आधी धुवून घ्यायची. कॅनोपीभोवतीची कापलेली पट्टी फेकू नये. त्याच शीटचे ते तुकडे, एकेक बुडवून पाच मिनिटांनी काय छटा येते, पंधरा मिनिटांनी काय, याची पट्टीच तयार करावी. ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही.

चष्म्याच्या दुकानांत हेच रोज चालते. सीआर-३९ प्लास्टिकचे भिंग नव्वदेक अंशांच्या रंगाच्या पाण्यात बुडवतात, आणि वर गडद खाली फिका गॉगल हवा असेल तर भिंग वर-खाली करत हळूहळू बाहेर काढतात. तीच युक्ती मोठ्या कॅनोपीवर वापरता येते. पॉलिस्टायरीनच्या वाट्याला मात्र हे भाग्य नाही. ते कागदोपत्री १०० अंशांजवळ मऊ होते, पण साच्यात घाईने थंड झाल्याने त्यात ताण कोंडलेले असतात आणि त्याआधीच ते वाकडे होऊ लागते. ज्या तापमानाला ते सुरक्षित आहे तिथे रंग जेमतेम शिरतो. पॉलिकार्बोनेटला तर घरगुती भांड्यात रंग धरतच नाही म्हणावे.

उडणाऱ्या मॉडेलसाठी मुरवलेल्या रंगाचा आणखी मोठा फायदा आहे. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन असते. एक्झॉस्टबरोबर ते कॅनोपीवर उडते आणि अ‍ॅक्रिलिक रंग चिकट होऊन निघतो. अंगात मुरलेला रंग पुसला जात नाही. इलेक्ट्रिक विमानांत हा प्रश्न नाही, तिथे टिंट बहुधा बॅटरी आणि वायरी झाकण्यासाठीच असतो, आणि त्यासाठी गडद टिंट द्यायला माझी हरकत नाही. आत दाखवण्यासारखे काही नसतेच. फक्त गडद कॅनोपी उन्हात जास्त तापते. मे महिन्यात नागपूरला बंद गाडीच्या मागच्या काचेखाली पीईटीजीची कॅनोपी ठेवून जाऊ नये.

गाडीच्या काचांना लावतात ती फिल्म कॅनोपीवर चिकटवण्याचा प्रयत्न दर पिढीत कुणीतरी करते. सपाट काचेवर, हेलिकॉप्टरच्या दारावर ती उत्तम बसते. दोन दिशांनी वळलेल्या फुग्यासारख्या पृष्ठभागावर सपाट पत्रा सुरकुती पडल्याशिवाय बसत नाही, तिथे विषय संपतो. आधीच टिंट असलेल्या पीईटीजी शीटमधून कॅनोपी ओढणे जास्त शहाणपणाचे. लाकडाचा साचा, ओव्हन आणि व्हॅक्यूम क्लीनर एवढ्यात भागते. पण शीट जिथे जास्त ताणली जाते तिथे पातळ होते आणि छटा उतरते, म्हणून उंच फुग्याच्या कॅनोपीत एखादी बाजू फिकी येते. साच्याखाली ठोकळा ठेवून उंची वाढवली आणि कॅनोपीच्या कडेपुढे ताण जाऊ दिला, तर फरक बराच कमी होतो. पातळ शीटचा एक लाभ वेगळाच आहे. एफ-२२ ची खरी कॅनोपी साधारण १९ मिलिमीटर जाड आहे. १/७२ प्रमाणात ती पाव मिलिमीटरची झाली. किटची कॅनोपी सहज एक मिलिमीटर असते, म्हणजे खऱ्यात सात सेंटिमीटर! टिंट दिल्यावर तिच्या जाड कडा गडद चौकटीसारख्या उठून दिसतात, म्हणून टिंट देण्याआधी निदान उघड्या दिसणाऱ्या कडा आतून घासून पातळ कराव्यात. त्याच वेळी, आधुनिक कॅनोपीच्या मधोमध साच्याची उभी रेघ असते, तीही काढावी. १५०० नंबरच्या वॉटर पेपरपासून चढत जाऊन शेवटी रबिंग कंपाउंड. ही रेघ टिंटनंतर लपेल असे वाटते, प्रत्यक्षात ती आणखी ठळक होते.

राहिले सोनेरी. स्मोकमध्ये थेंबभर क्लिअर यलो किंवा ऑरेंज घालून आतून फवारणे हा रूढ उपाय आहे, आणि शेल्फवर तो चांगला दिसतोही. पण खऱ्या विमानात घडते ते वेगळे. पिवळा पारदर्शक रंग निळा प्रकाश शोषतो आणि उरलेला सोडतो, म्हणून तो कुठूनही पिवळाच दिसतो. सोन्याचा पातळ थर पिवळा-लाल प्रकाश मागे फेकतो आणि आत जाऊ देतो तो हिरवट-निळसर. बाहेरून तिरके पाहिले तर सोने चमकते, आरपार पाहिले तर हिरवट करडे. इंडियम टिन ऑक्साइडच्या थरावर तर कोनानुसार छटा बदलते, साबणाच्या फुग्यासारखी. त्यामुळे फक्त पिवळ्या रंगावर भागवलेले मॉडेल समोरून ठीक वाटते आणि कोन बदलला की लिंबू सरबताच्या बाटलीसारखे दिसते. चांगला परिणाम दोन थरांनी येतो: आतून अगदी फिका स्मोक, आणि बाहेरून बिनरंगी ग्लॉसमध्ये इंटरफेरन्स गोल्ड पावडरची चिमूट. ही पावडर अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड चढवून करतात. तिचा स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, सोनेरी दिसते ते परावर्तनातच. प्रमाण जरा वाढले की कॅनोपी दुधाळ होते, म्हणून स्प्रूवरच्या एखाद्या न लागणाऱ्या पारदर्शक तुकड्यावर आधी फवारून पाहणे अटळ. हा सगळा खटाटोप १/४८ आणि त्याहून मोठ्या मॉडेललाच शोभतो. १/७२ ला अभ्रकाचे कण डोळ्याला दिसू लागतात, तिथे स्मोक आणि थेंबभर पिवळ्यावरच थांबलेले बरे.

थ्रीडी प्रिंटरवर पारदर्शक रेझिनमध्ये छापलेल्या कॅनोपी अलीकडे वाढत आहेत. त्यांना टिंट देण्याआधी त्यांचा स्वतःचा पिवळेपणा सांभाळावा लागतो. अतिनील प्रकाशात घट्ट केलेले हे रेझिन पुढे उन्हातही पिवळे होत जाते. त्यावर क्लिअर ब्लूचा अगदी विरळ थर आतून दिला की पिवळेपणा बराच मावळतो.